हवापालटाला गेलेलं सरकार

परवा नात आली ती लॅपटॉप घेऊनच. चहा उकळायच्या आत तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि म्हणाली, "आजी, तू इतिहास-भूगोल शिकवायचीस ना? मग मला जरा मदत कर."

पडद्यावर एक तक्ता होता. डावीकडे गावांची नावं: थायलंडमधलं चियांग माई, बालीमधलं उबुद, मॉरिशस आणि आपलं गोवा. (गोवा बापाच्या समाधानासाठी घातलंय हे मला लगेच कळलं.) वर रकाने: घरभाडं, इंटरनेट, पाऊस, उकाडा, व्हिसा आणि घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढे किंवा मागे. तिच्या कंपनीने म्हणे सांगितलंय, काम वेळेवर द्या, कुठे बसून करता ते आम्ही विचारणार नाही. म्हणून वर्षभर बाहेर राहून काम करायचं तिच्या मनात आहे. अशा लोकांसाठी आता देशोदेशींची सरकारं वेगळा व्हिसाही देतात. मॉरिशसने तो २०२० साली सुरू केला, थायलंडने २०२४ साली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बाहेरच्या खोलीत पेपर वाचल्याचं नाटक करत होता. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

तक्ता बघून मला हसू आलं. नातीला वाटलं, आजीला काही कळलं नाही. पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. उष्ण मुलुखात राहून परक्या माणसाने काम कुठे बसून करावं, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एकदा इथेच पडला होता. तेव्हाही तक्ता झाला असणार, कागदावर नाही तर मनात. आणि त्यात आपलं पुणं पास झालं होतं!

"थोडक्यात सांग हं आजी," नात म्हणाली. पस्तीस वर्षं शिकवून जे मला कधी जमलं नाही तेच नेमकं तिने मागितलं. तर मंडळी, तिला जे सांगितलं ते जरा नीट लावून इथे लिहिते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि मुंबई इलाख्याचा कारभार चांगलाच पसरला. राजधानी मुंबई. पण मुंबईत बाराही महिने राहणं साहेबाला मानवेना. हिवाळा ठीक. एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा. जूनपासून धो धो पाऊस, ओल, ताप आणि पटकी. इंग्लंडहून आलेली कोवळी पोरं दोन-तीन पावसाळ्यांत मुंबईच्या मातीत जायची. तेव्हा उन्हाळ्यापुरती एक आणि पावसाळ्यापुरती एक अशा दोन जागा हव्या होत्या.

उन्हाळ्याची जागा सापडली महाबळेश्वरला. १८२४ साली लॉडविक नावाचा फौजी अधिकारी त्या कड्यावर चढून गेला. आज आपण ज्याला लॉडविक पॉइंट म्हणतो तो त्याच्याच नावाचा. १८२६ साली साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने वर घर बांधलं आणि सातारच्या प्रतापसिंह महाराजांना गळ घालून वर जायला चांगला रस्ता करून घेतला. मग गव्हर्नर सर जॉन माल्कम आला. त्याला ती हवा इतकी आवडली की १८२९ साली त्याने महाराजांशी तहच केला. महाराजांनी डोंगरावरची जागा द्यायची आणि बदल्यात कंपनी सरकारने वाई भागातलं खंडाळा गाव द्यायचं. (हे लोणावळ्याचं खंडाळा नव्हे. वर्गात ही चूक दरवर्षी व्हायची.) वर वसलेल्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनीने प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. ज्याने साहेबाला हवापालटाची जागा दिली त्यालाच सक्तीचा हवापालट घडला, आणि परत येणं काही त्याच्या नशिबी नव्हतं.

पण महाबळेश्वर उन्हाळ्यापुरतंच. का, ते नातीच्या तक्त्यातल्या 'पाऊस' या रकान्यावरून कळतं. मुंबईत वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. तिथली घरं पावसाळ्यात गवताने शाकारून घ्यावी लागत. तिथे बसून कसले कागद कोरडे राहणार? आणि तिथून कावळ्याच्या वाटेने मोजलं तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर असलेल्या पुण्यात पाऊस पडतो सातशे-साडेसातशे मिलिमीटर! पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि उरलासुरला शिडकावा आपल्याकडे येतो. उंची सुमारे ५६० मीटर, त्यामुळे उकाडाही मुंबईपेक्षा कमी. मुलांना मी सांगायचे, हजार मीटर वर चढलात की तपमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. उष्ण कटिबंधात थंडी विषुववृत्तापासून लांब जाऊन शोधायची नसते, डोंगर चढून शोधायची असते. साहेबाने नेमकं तेच केलं.

तेव्हा वेळापत्रक ठरलं ते असं. थंडीत मुंबई. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत महाबळेश्वर. जूनच्या मध्यापासून पावसाळाभर पुणं. थंडी पडली की पुन्हा मुंबई. गव्हर्नरबरोबर सेक्रेटरी, कारकून, शिपाई, खानसामे, घोडे आणि दप्तरांच्या पेट्या. हे थोडंथोडकं नाही, शंभर वर्षांहून जास्त चाललं. एक अख्खं सरकार वर्षातले निम्मे महिने 'घरून काम' करत होतं म्हणा ना!

पुण्यात माल्कमने दापोडीचा बंगला घेतला. पेशव्यांच्या पदरच्या कवायती फौजेचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने तो बांधला होता. तिथे एक वनस्पतिबागही सुरू झाली. अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरने ती पुढे नावारूपाला आणली. तिथल्या झाडांची सुंदर चित्रं एका एतद्देशीय चित्रकाराकडून काढून घेतली गेली. चित्रं आज एडिंबरोत जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

मग दापोडी लहान वाटायला लागली. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सरकारच्या खिशातही पैसा खुळखुळू लागला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने १८६४ साली गणेशखिंडीत नवा राजवाडाच बांधायला काढला. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा फुगा फुटला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच. ते पुरं झालं १८७१ साली, आणि खर्चावरून पार विलायतेच्या पार्लमेंटात टीका झाली. तीच ही आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. १९४९ साली तिथे पुणे विद्यापीठ आलं. मी बी.ए. झाले तेव्हा पदवीदानाला तिथे गेले होते. मराठी माध्यमातून शिकलेली पेठेतली मुलगी, नवी नऊवारी नेसलेल्या आईबरोबर त्या इमारतीसमोर उभी होते. हा डोलारा एका माणसाला पावसाळा सोसवत नव्हता म्हणून उभा राहिला, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

हे सगळं जमलं कशामुळे? नातीच्या तक्त्यात 'इंटरनेट' आहे, तसाच साहेबाच्या तक्त्यात दळणवळणाचा रकाना होता. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला. १८५० च्या दशकात तारा आल्या. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली घाटाचा टप्पाही पुरा झाला. आता मुंबईचा कागद त्याच दिवशी पुण्यात! पण त्या घाटाच्या कामावर १८६१ साली एका वेळी ४२,००० मजूर होते, आणि पटकीने, तापाने, सुरुंगांनी त्यांतले हजारो मेले. त्यांची नावंही कुठे नाहीत. दापोडीच्या चित्रकारासारखीच.

भाजीपाल्याचंही तेच. महाबळेश्वरला माल्कमच्या काळात एक तुरुंग झाला. त्यात सिंगापूर-मलाया भागातून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवत. साहेबांच्या टेबलावरचे बटाटे आणि भाज्या ते पिकवत, टोपल्या विणत. १८६४ साली तुरुंग बंद झाला. 'चायनामन फॉल' या धबधब्याच्या नावात तेवढे ते चिनी माणूस उरले आहेत. एकाच डोंगरावर एक जण हौसेने आलेला आणि दुसरा बेडी घालून आणलेला. हवा दोघांना तीच.

गंमत अशी की ज्या कारणासाठी हा खटाटोप केला तेच चुकीचं होतं. त्या काळी डॉक्टरांची समजूत होती की ताप येतो तो दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेमुळे. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. म्हणून चांगल्या हवेचा शोध. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने दाखवून दिलं की या रोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात. पण तोवर सत्तर वर्षं सरकारच्या पेट्या वर-खाली झाल्या होत्या! उंचावर डास कमी, म्हणून उपाय लागू पडत होता. कारण मात्र भलतंच धरलेलं. माणूस गाव निवडताना देतो ती कारणं आणि खरी कारणं यांत असं अंतर पुष्कळदा असतं. हे मी नातीकडे बघून म्हटलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता घरातली गोष्ट.

माझे आजोबा, वडिलांचे वडील, मुंबईला सरकारी कचेरीत कारकून होते. कोणत्या खात्यात ते राहू दे. बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत. गुढीपाडवा झाला की पेट्या भरायच्या. निवडक कारकुनांना साहेबाबरोबर महाबळेश्वरला जावं लागे, आणि आजोबांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे त्यांचा नंबर ठरलेला. मी दहा-बारा वर्षांची असताना ते महाबळेश्वरच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायचे की आम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकायचो. पहाटेचं धुकं, जांभळं, करवंदं, मे महिन्यात अंगावर घ्यायची घोंगडी. "काय हवा होती!" म्हणताना त्यांचे डोळे मिटायचे.

आणि त्या वेळी आजी उठून स्वयंपाकघरात जायची. दर वेळी. लहानपणी मला वाटायचं, तिला काम असेल.

माझे वडील जन्मले १९१५ च्या मे महिन्यात, गिरगावच्या त्या दोन खोल्यांत. आजोबा वर होते. तार गेली. ती पोचलीही दुसऱ्या दिवशी. आजोबा आले नाहीत. कुणी रजा नाकारली असं नाही. त्यांनी ती मागितलीच नाही. रजा घेतली असती तर डोंगरावरचा भत्ता बुडला असता, आणि घरात तर आता एक तोंड वाढलं होतं. शिवाय मधूनच उठून गेलेल्या कारकुनाला पुढल्या साली कोण वर नेईल? बारसं त्यांच्याशिवाय झालं. मुलाचं नाव काय ठेवलं ते त्यांना पोस्टकार्डावरून कळलं. सरकार पुण्याला उतरल्यावर एका शनिवारच्या गाडीने ते मुंबईला आले, तेव्हा पोरगं सव्वा महिन्याचं झालं होतं आणि बापाला बघून रडलं होतं.

हे मला आजीने सांगितलं, आजोबा गेल्यानंतर, एकदाच. तक्रार म्हणून नाही. "त्यांचं काही चुकलं नाही गं," ती म्हणाली. "पण ते 'काय हवा होती' म्हणायचे ना, तेव्हा मला इथला मे महिना आठवायचा."

मंडळी, इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण त्या एका वाक्याएवढं चांगलं उत्तर मला कुठल्या पेपरात मिळालं नाही. उंचावर बसून काम करता येतं, ते कुणीतरी खाली थांबतं म्हणून.

ही झाली एका घराची गोष्ट. सरकारच्या बाबतीत तेच अंतर केवढं मोठं झालं ते १८९७ साली पुण्याने पाहिलं. प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर पेठांमधून घरोघर झडत्या घेत होते, माणसांना घराबाहेर काढून तपासत होते, सामान जाळत होते. देवघरात बूट गेले. लोक भयाने आणि संतापाने गप्प झाले होते. आणि २२ जूनच्या रात्री तीन-चार मैलांवर गणेशखिंडीत, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून दिव्यांची रोषणाई आणि मेजवानी. समारंभ पुण्यात का? तर महिना जूनचा, आणि जूनमध्ये गव्हर्नरचा मुक्काम पुण्याला! त्या मेजवानीहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं एवढंच दाखवायचं आहे की पेठेतलं घर आणि गणेशखिंडीतला दिवाणखाना एकाच गावात होते, हवा एकच होती, आणि तरी एकाला दुसऱ्याचा आवाज ऐकू जात नव्हता.

हिंदुस्थान सरकारचं तर विचारूच नका. १८६४ सालापासून ते उन्हाळाभर सिमल्याला जाऊन बसायचं. १९२१ साली गांधीजी व्हाइसरॉयला भेटायला सिमल्याला गेले आणि 'नवजीवन'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की हे सरकार पाचशेव्या मजल्यावर दुकान थाटून बसलं आहे. गिऱ्हाइकाने तिथवर चढायचं कसं? बनियाच्या हिशेबाने त्यांनी बरोबर बोट ठेवलं. दुकानदाराला वर छान वारा लागतो, पण जिने कुणाला चढावे लागतात ते बघा.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरवायचं. आजही हिवाळ्यात मुंबईहून फायलींच्या पेट्या नागपूरला जातात. वरवर बघितलं तर तेच गाठोडं, तोच प्रवास. फरक हेतूत आहे. तिकडे सरकार लोकांपासून लांब जायला निघायचं, इकडे लोकांकडे जायला निघतं. (तिथे गेल्यावर काय करतं तो वेगळा विषय. तो आज नको.)

आता पुण्याचं काय झालं तेही सांगायला हवं. साहेब गेला, पण त्याने पुण्याच्या हवेला दिलेलं प्रशस्तिपत्र राहिलं. घोड्यांच्या शर्यती अजूनही हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला होतात. गव्हर्नर गेला तरी घोडे त्याचं वेळापत्रक पाळतात! निवृत्त लोक हवा चांगली म्हणून इथे आले आणि पुणं पेन्शनरांचं झालं. मग विद्यार्थी आले, कारखाने आले, हिंजवडीच्या कंपन्या आल्या. हवा चांगली म्हणून सगळे आले, आणि सगळे आले म्हणून हवा बिघडली. महाबळेश्वर-पाचगणी तर २००१ साली केंद्र सरकारला पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर करावं लागलं. चांगली हवा ही फुकट मिळते असं वाटतं, पण तिच्या मागे धावणारे वाढले की ज्यांचं ते मूळ गाव त्यांनाच तिथे राहणं जड होतं. कोथरूडमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय.

इथवर आल्यावर नात म्हणाली, "म्हणजे मी जाऊ नको असं तुझं म्हणणं आहे का?"

बाहेरच्या खोलीतलं पान उलटायचं थांबलं.

खरं सांगते, 'नको जाऊस' असं म्हणणं फार सोपं होतं. मी शहात्तर वर्षांची आहे. संध्याकाळी दाराची घंटा वाजली की मला वाटतं तीच आली. तिच्या त्या तक्त्यातलं प्रत्येक गाव मला परकं आणि लांब वाटत होतं. पण इतिहासाचा आधार घेऊन आपली भीती नातवंडांच्या गळ्यात बांधायची हे काही बरोबर नाही. आजोबांना महाबळेश्वर आवडलं होतं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. चांगल्या हवेत मन लावून काम करावंसं वाटणं हा गुन्हा नाही.

म्हणून मी तिला मॉरिशसची गोष्ट सांगितली, कारण ते तिच्या यादीतच होतं. १८३४ पासून तिथे ऊसमळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. जिथे ते बोटीतून उतरले तो पोर्ट लुईचा 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. १८६६ ते १८६८ या काळात त्या बेटावर मलेरियाची भयानक साथ आली. ज्यांच्याकडे पैसा होता ते पोर्ट लुई सोडून वर पठारावर, क्युरपीपकडे राहायला गेले. आगगाडी नुकतीच झाली होती. वरून खाली कामाला यायचं आणि संध्याकाळी परत थंड हवेत. आपल्या पुण्या-महाबळेश्वरासारखंच! मळ्यातले मजूर मात्र खालीच राहिले. त्यांना कुणी तक्ता दिला नव्हता. त्यांनी गाव निवडलं नाही, गावाने त्यांना निवडलं. आणि तरी आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात. जे निवडून आले ते हवा घेऊन परत गेले. ज्यांना निवडता आलं नाही त्यांनी त्या जागेचं घर केलं.

"तेव्हा तू जा," मी म्हटलं. "पण तुझ्या तक्त्यात दोन रकाने कमी आहेत. एक, तिथे माझं सामान वर कोण वाहून आणणार आहे? म्हणजे माझी खोली कोण झाडतं, ते कुठे राहतं, माझ्या भाड्यामुळे त्याचं भाडं वाढतं का, त्याचं नाव मला माहीत आहे का. आणि दुसरा, खाली कोण थांबलंय?"

ती काही बोलली नाही. चहा निवून गेला होता, तो मी परत गरम केला. माझ्या मुलाने एवढ्यात पेपर घडी करून ठेवला होता. तो आत आला आणि त्याने विचारलं, "मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे?" "दीड तास," ती म्हणाली. "मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी बोलता येईल," तो म्हणाला. तेवढंच. आमच्या घरात माणसं रजा मागत नाहीत तशी परवानगीही सरळ देत नाहीत!

ती गेल्यावर रात्री उशिरा तिने मला तो तक्ता फोनवर पाठवला. दोन्ही रकाने घातले होते. पहिल्यात चारही गावांपुढे प्रश्नचिन्ह होतं. ते मला आवडलं, कारण ते उत्तर इथे बसून कळण्यासारखं नाही, तिथे जाऊन विचारल्यावरच कळेल. दुसऱ्यात तिने सरळ लिहिलं होतं, 'आजी, बाबा'. आणि त्याच्या पुढे स्वतःच्या मनाने आणखी एक रकाना वाढवला होता: 'तार आली तर घरी पोचायला किती तास'.

माझ्या आजोबांच्या तक्त्यात हा रकाना नव्हता. असता, तरी त्या पगारात त्यांना तो भरता आला असता की नाही कोण जाणे.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात पेट्या घेऊन मुंबई-पुणे-महाबळेश्वर करणारे आजोबा-पणजोबा होऊन गेले असतील तर जरूर कळवा. आणि त्यांच्याबरोबर न गेलेल्या आज्यांच्या गोष्टी असतील तर आधी त्या कळवा.